परसांतील झाडें आणि कोंबड्यांचा पाला

खाडीकांठच्या व धारावी बेटावरील गांवांतून आमच्या कित्येक सभासदांनीं गेल्या पावसाळ्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. परसांतील कोणता पाला कोंबड्यांस घालावा, कोणता घालूं नये, आणि अमुक झाड विषारी म्हणून ऐकलें तें तोडून टाकावें कीं काय? प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु ज्या घरांत दहा-बारा गांवठी कोंबड्यांच्या अंड्यांवर घरधनिणीचा वरखर्च चालतो, त्या घरास एका रात्रींत चार पक्षी गमावणें ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय ह्या प्रश्नापायीं शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट येऊं शकतें. तसा एक प्रसंग आमच्याच दारीं घडतां घडतां राहिला. तोच आधीं सांगतों.

आमच्या वाडीच्या रस्त्याकडील बाजूस तांबड्या कण्हेरीचें जुनें कुंपण होतें. वडिलांनीं तें लावलें त्यास कारण एवढेंच कीं, गुरें-शेळ्या त्यास तोंड लावीत नाहींत आणि देवपूजेस फूल मिळतें. वीस वर्षें आमच्या कोंबड्या त्या कुंपणाखालीं उकरीत, तेथेंच धुळींत अंग घोळीत, आणि त्यामुळें एकही दगावली नाहीं. पुढें शेजाऱ्यांनीं माठ व मुळा केला. कोंबड्या वाफे उकरतात अशी त्यांची रास्त तक्रार आली, म्हणून आम्ही अकरा पक्षी जाळीच्या आवारांत कोंडले. त्याच वैशाखांत कुंपणाची छाटणी झाली, आणि गड्यानें कोंबड्यांस कांहीं हिरवें मिळावें अशा भल्या हेतूनें तो सारा पाला जाळीच्या आंत टाकला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चार कोंबड्या मरून पडल्या होत्या आणि दोन पंख ढिले सोडून कोपऱ्यांत बसल्या होत्या. घरांत पहिलें नांव निघालें तें शेजाऱ्यांचें. भातांत औषध कालवून टाकलें असें जवळजवळ ठरूनही गेलें. सुदैवानें भांडावयास जाण्यापूर्वीं एका मेलेल्या कोंबडीची गळ्याखालची अन्नाची पिशवी उघडून पाहण्याची बुद्धि झाली. तींत भात नव्हता. कण्हेरीच्या पानांचे कातरल्यासारखे तुकडे होते.

ह्या प्रसंगापासून आम्हांस जें कळलें तेंच ह्या लेखाचें सार आहे. आपल्याकडील कुंपणाचीं बहुतेक झाडें विषारी अथवा अत्यंत कडू असतात, आणि तीं तशीं असतात म्हणूनच आपल्या पूर्वजांनीं तीं कुंपणास निवडलीं. कण्हेर, मोगली एरंड, शेर, रुई, घाणेरी ह्यांपैकीं एकही जनावर आवडीनें खात नाहीं. मोकळी फिरणारी कोंबडी एक टोंच मारते, कडू लागलें कीं सोडते, आणि पुढें किडा-मुंगी शोधावयास जाते. तिला निवड असते. कोंडलेल्या कोंबडीस ती नसते. उकरावयास ओली माती नाहीं, हिरवें पान दिसत नाहीं, दिवस जातां जात नाहीं. अशा स्थितींत समोर पडलेला ढीग ती टोंचीत बसते. तेव्हां झाड तेंच आणि कोंबडीही तीच असली तरी जाळीनें प्रकरण पालटतें. झाड तोडावें कीं नाहीं हें विचारण्यापूर्वीं आपले पक्षी मोकळे आहेत कीं कोंडलेले, हें पाहावें.

मिरा-भाईंदरच्या बाबतींत हा भेद आज विशेष महत्त्वाचा झाला आहे. मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी, तारोडी, पाली, उत्तन, चौक ह्या गांवांत भातखाचरें, मिठागरें आणि वाड्या ह्यांमधून कोंबड्यांस हिंडावयास भरपूर जागा असे. १९८५ सालीं नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि वस्ती गांवांच्या अंगणापर्यंत येऊन ठेपली. कुत्रीं, वाहनें आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी ह्यांमुळें पुष्कळ घरीं पक्षी जाळींत आले. उलटपक्षीं इमारतींच्या आवारांत व रस्त्यांच्या कडेनें शोभेचीं नवीं झाडें आलीं, आणि माळ्यांनीं छाटलेला पाला कोंबड्या पाळणाऱ्या शेजारच्या घरीं "न्या चारा म्हणून" फुकट मिळूं लागला. फुकट मिळालेल्या ह्या पाल्यासच आम्ही अधिक भितों.

आतां झाडांकडे वळूं. कण्हेरीचा क्रम पहिला. तिच्या पानांत, सालींत, फुलांत व मुळांत हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करणारीं द्रव्यें असतात. पान वाळलें म्हणून विष जात नाहीं, आणि ज्या पाण्यांत तिच्या फांद्या पडून राहिल्या तें पाणीही पक्ष्यांस पाजूं नये. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतों, ती त्याच कुळांतील असून तिचें बी सर्वांत जहाल आहे. येथें एक गंमत सांगावीशी वाटते. बिट्टीचीं फळें कोकिळ पक्षी खातो, हें पक्ष्यांच्या अभ्यासकांनीं नोंदविलें आहे. त्याचप्रमाणें घाणेरीचीं पिकलेलीं काळीं फळें बुलबुल खातो. तेव्हां "पांखरें खातात म्हणजे कोंबड्यांस चालेल" हा जो तर्क आमच्याकडे वारंवार केला जातो, तो सोडून द्यावा. एका पक्ष्यास जें पचतें तें दुसऱ्यास पचेलच असें नाहीं.

हीच गोष्ट एरंडाच्या बियांवरून अधिक स्पष्ट होते. एरंडीच्या बींत रिसिन नांवाचें विष असतें. कोंबडी तें बऱ्याच अंशीं सहन करते. बदक मात्र फार नाजूक. अमेरिकेंत टेक्सस प्रांताच्या उत्तर भागांत १९६९ ते १९७१ ह्या वर्षांत कित्येक हजार रानबदकें मेलीं, आणि शोधाअंतीं कारण निघालें तें एरंडीच्या बिया. आपल्याकडे खाडीकांठीं कोंबड्यांबरोबर चार बदकें पाळण्याची हौस पुष्कळांस आहे. त्यांनीं उकिरड्यावर आपोआप उगवणारा एरंड घोंस धरण्यापूर्वींच उपटावा. एरंडीची पेंड खतास उत्तम, परंतु तिची गोणी कोंबड्या उकरतील अशा जागीं ठेवूं नये, कारण तेल निघून गेलें तरी विष पेंडींतच राहतें. मोगली एरंडाच्या बियाही तशाच घातक. गुंजेची बी अखंड गिळली गेली तर तिच्या कठीण कवचामुळें बहुधा तशीच बाहेर पडते. पण कवच फुटलेली अथवा माळेसाठीं भोंक पाडलेली गुंज फार वाईट. कोंबडीस दांत नसले तरी तिच्या पोटांतील स्नायूंची पिशवी खड्यांच्या साहाय्यानें दाणा भरडते, हें विसरूं नये.

शोभेच्या कुंड्यांतील डायफेनबेकिया, मनी प्लांट, रंगीत अळू ह्यांच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांनीं तोंड-घसा सोलवटतो. आपल्या भाजीच्या अळवांतही तेच असतात. म्हणून तर आपण अळू चिंच घालून शिजवितों. कच्चें अळू कोंबडी सहसा खात नाहीं. शिजवलेलें उरलें तर चिमूटभर देण्यास हरकत नाहीं. कळलावीचा कंद, पानफुटी, सदाफुली हींही दूर ठेवावींत. हल्लीं बाजारांत येणाऱ्या अवोकाडो फळाची साल, बी व पानें कांहीं पक्ष्यांच्या हृदयास घातक ठरलीं आहेत. कोंबडी पिंजऱ्यांतील पोपटाहून अधिक सोशिक असली तरी प्रयोग करून पाहण्याचें कारण नाहीं. बटाट्याचे हिरवे पडलेले तुकडे व कोंब, तसेंच टोमॅटो, वांगें, बटाटा ह्यांचा पाला देऊं नये. पिकलेला टोमॅटो मात्र कोंबड्या आनंदानें खातात व तो चांगला.

फुलांच्या ओघांत निर्माल्याचा विषय आलाच. शनिवारीं मारुतीस रुईची माळ, सोमवारीं शंकरास कण्हेर आणि धोतरा, शिवाय झेंडू, जास्वंद, दूर्वा, तुळस, बेल हें सर्व एकत्र गोळा होऊन परसांतील आळ्यांत किंवा उकिरड्यावर पडतें, आणि उकिरडा म्हणजे कोंबडीचें माहेर. ह्या ढिगांत उत्तम खाद्य व जहाल विष शेजारीं शेजारीं असतें. ज्यांच्या घरीं अगर आळींत देऊळ आहे, त्यांनीं निर्माल्य झांकणाच्या खड्ड्यांत टाकावें व वर माती लोटावी. दसऱ्यास उरलेल्या झेंडूच्या माळा कोंबड्यांस घालण्याची चाल चांगली आहे, कारण झेंडूच्या पाकळ्यांतील पिवळें द्रव्य अंड्याच्या बलकांत उतरतें. कोंबडीस तें स्वतःच्या अंगांत तयार करतां येत नाहीं, खाद्यांतूनच घ्यावें लागतें. परंतु बाजारच्या झेंडूवर कीटकनाशकाचे किती फवारे झाले असतील, तें आपणांस कळण्यास मार्ग नाहीं. घरच्या वाफ्यांतील झेंडू निःशंकपणें घालावा. बाजारचा फक्त दारास लावावा.

पावसाळ्यांतील तणांपैकीं एकाविषयीं अधिक लिहिणें जरूर आहे. आषाढांत आपण टाकळ्याची कोंवळी भाजी खातों. त्याचाच भाऊबंद कासविंदा त्याच बांधावर उगवतो. टाकळ्याच्या पानास वाटोळ्या टोंकाच्या पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात आणि शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वांकडी असते. कासविंद्याच्या पानोळ्या टोंकदार असून त्यांच्या चार-पांच जोड्या असतात, चुरगळल्यास घाण येते, आणि शेंग चपटी व फिक्या कडांची असते. ह्या कासविंद्याचें बी दाण्यांत मिसळलें गेलें तर कोंबड्यांचे स्नायू झिजतात, पाय लुळे पडतात, अंडीं घटतात. पश्चिम उत्तर प्रदेशांत लहान मुलें दरवर्षीं एका गूढ आजारानें दगावत. त्याचा संबंध ह्याच बिया खाण्याशीं असल्याचें तेथील डॉक्टरांनीं ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत दाखवून दिलें. तेव्हां हें तण केवळ कोंबड्यांसाठींच नव्हे, तर अंगणांत खेळणाऱ्या मुलांसाठींही शेंगा धरण्यापूर्वीं उपटावें. टाकळ्याचें बीही दाण्यांत फार झाल्यास कोंबड्यांस बाधतें. त्याची भाजी आपण खातों म्हणून बी त्यांस घालूं नये. वाण्याकडील स्वस्त चाळण घेतांनाही तींत पिवळ्या धोतऱ्याचें मोहरीसारखें काळें बी आहे काय तें पाहून घ्यावें. १९९८ सालीं दिल्लींत खाद्यतेलांतील ह्याच बियांच्या भेसळीनें माणसांस जलोदरासारखा सूज येणारा रोग झाला होता. कोंबड्यांसही तें बी मारक आहे.

ज्या दोन झाडांचा पाला शेळ्यांस उत्तम म्हणून आपण जाणतों, त्यांविषयीं कोंबडीपुरतें वेगळें सांगावें लागतें. सुबाभळींत मायमोसिन नांवाचें द्रव्य आहे. तिच्या वाळल्या पाल्याचें पीठ खाद्याच्या शंभर भागांत पांचांहून अधिक घालूं नये. तेवढें घातल्यास बलकास रंग येतो, अधिक घातल्यास वाढ खुंटते. हादग्याचीं फुलें आपण भाजींत खातों, शेळी त्याच्या पाल्यावर पोसते; कोंबडीच्या पिलांस मात्र त्याच्या पाल्याचें पीठ मानवत नाहीं, असें प्रयोगांत आढळलें आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांतील जंतु पुष्कळ विषांचें विघटन करतात. तें यंत्र कोंबडीपाशीं नाहीं.

मग घालावें तरी काय? आमच्या मतें शेवग्यासारखें दुसरें झाड नाहीं. त्याची फांदी तोडून जाळीस उंच बांधावी. पक्षी उड्या मारून पाला ओरबाडतात, त्यांस व्यायामही होतो आणि पाला पायदळीं तुडवला जात नाहीं. जास्वंदीचीं पानें व फुलें, घोळ, चवळीचा पाला, कोबीचीं बाहेरचीं पानें, मुळ्याचा व गाजराचा पाला, कोथिंबिरीचे देठ, तुळस, पुदिना, पिकलेली पपई, भोपळ्याचा गर बियांसकट, हें सर्व निर्धास्त द्यावें. माठ व पालक चांगले, पण अंड्यावर असलेल्या कोंबडीस रोज पोटभर देऊं नयेत. त्यांतील आम्ल चुन्यास धरून ठेवतें आणि कवच पातळ होतें. कडधान्यांतील पावटे, राजमा कच्चे कधींही घालूं नयेत. भिजवून, चांगले उकडून द्यावेत. लांब गवत व वाळके तंतुमय देठ बारीक चिरल्यावांचून टाकूं नयेत. गळ्याच्या पिशवींत त्यांचा बोळा बसतो आणि कोंबडी दाणा पुढें असून उपाशी मरते. मोठी कोंबडी दिवसास शंभर-सव्वाशें ग्रॅम खाद्य खाते. त्यावर मूठभर हिरवें पुरे. पाल्यावर पोट भरण्याचा आग्रह धरणें हा काटकसरीचा भ्रम आहे.

येथवर झाडांसच दोष दिला. न्यायाच्या दृष्टीनें आतां दुसरी बाजू. आमच्या पाहण्यांत परसांतील झाडांनीं जितक्या कोंबड्या मेल्या, त्याहून कितीतरी अधिक बुरशी आलेल्या दाण्यानें व पेंडीनें मेल्या. इंग्लंडांत १९६० सालीं एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगानें मेले. रोगाचें मूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या बुरसटलेल्या पेंडींत सांपडलें, आणि त्यांतूनच अफ्लाटॉक्सिन ह्या विषाचा शोध लागला. आपल्या कोंकणपट्टीच्या दमट हवेंत श्रावणांतली पेंड नाकास लावल्याशिवाय घालूं नये. दुसरी गोष्ट मिठाची. मिठागरांच्या शेजारीं राहणाऱ्यांनीं पिलांच्या पिण्याचें पाणी आधीं स्वतःच्या जिभेवर घेऊन पाहावें, आणि खारवलेल्या मासळीचें धुवण त्यांच्या पुढें ओतूं नये. लहान पिलू मीठ फार कमी सहन करतें.

विषबाधा कीं रोग, हें ओळखण्याची खूण पुष्कळांनीं विचारली आहे. ज्यांनीं पाला खाल्ला तेच पक्षी, बहुधा एकाच दिवसांत, एकाएकीं मरतात आणि पाला काढून घेतल्यावर मृत्यु थांबतात, हा विषबाधेचा सर्वसाधारण क्रम. आज एक, उद्यां तीन, परवां शेजारचे पांच, हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिरगळलेली, अशीं लक्षणें दिसल्यास तो राणीखेत रोग, ज्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कुमाऊंतील राणीखेत येथें हा रोग प्रथम आढळला म्हणून त्यास हिंदुस्थानांत तें नांव पडलें. त्यावर औषध नाहीं, लस आहे: पहिल्या आठवड्यांत लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत अगर नाकांत, व आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्या लशीचें टोंचणें. ज्यांनीं लस टोंचली नाहीं त्यांनीं झाडास दोष देण्याची घाई करूं नये. आणि मृत्यु फार व झपाट्यानें होऊं लागले तर पशुसंवर्धन खात्यास लगेच कळवावें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू देशांत प्रथम आढळला, त्यावेळीं लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते. ह्या शंकेमुळेंच, अनेक पक्षी एकदम मेले असतां मेलेला पक्षी स्वतः उघडूं नये. आम्ही तें केलें, पण तें शहाणपणाचें नव्हतें. हातमोजे अगर पिशवी हातांत घालून तो दुहेरी पिशवींत बांधावा, थंड ठेवावा, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें तपासणीस द्यावा. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालूं आहे. तेथवर जाणें आपणांस रेल्वेनें कांहीं अवघड नाहीं. मेलेला पक्षी शिजवून खाणें हें तर कोणत्याही परिस्थितींत करूं नये.

विषारी पाला खाल्ल्याचें लगेच लक्षांत आलें तर उरलेला पाला तत्काळ काढावा, स्वच्छ पाणी ठेवावें, औषधी दुकानांत मिळणाऱ्या कोळशाच्या भुकटीचें पातळ पाणी पशुवैद्यास विचारून पाजावें. पक्ष्यास उलटा धरून पिशवी पिळण्याचा जो उपाय कोणी सांगतात, त्यानें पाणी श्वासनळींत जाऊन बचावणारी कोंबडीही मरते.

आमच्या त्या अकरांपैकीं सहा शेवटीं गेल्या, पांच राहिल्या. शेजाऱ्यांस आम्ही काय समजलों होतों तें पुढें एकदां त्यांस सांगितलें, तेव्हां तेही हंसले, आणि त्यांच्या माठाचा जून पाला आतां आमच्याच जाळींत येतो. कण्हेर आम्ही सारी तोडली नाहीं. रस्त्याकडील रांग तशीच आहे. तिची छाटणी मात्र मोजून गोळा करून खड्ड्यांत पुरतों, जाळूं देत नाहीं, कारण तिचा धूरही माणसास बाधतो. जाळीच्या बाजूची रांग काढून तेथें मृगाच्या पहिल्या पावसावर जास्वंदीचे फाटे व शेवग्याचे हातभर दांडे लावले. पहिल्या वर्षीं कोंबड्यांनीं फुटलेला एकही कोंब टिकूं दिला नाहीं. दुसऱ्या वर्षीं कंबरेएवढ्या उंचीपर्यंत बांबूच्या कामट्यांचा आडोसा केला, तेव्हां तीं झाडें धरलीं. ज्यांस फाटे हवे असतील त्यांनीं मृगाच्या आधीं मागणी कळवावी.